पेनीशच्या किल्ल्यातला गोंयकार

पणजीच्या आझाद मैदानात एक देखणा मंडप आहे. जुन्या गोव्यातून आणलेले दगडी खांब आणि त्यावर कमानदार छत. सकाळी फिरायला येणारी माणसं त्याच्या पायऱ्यांवर टेकतात, आंदोलनाला जमलेली माणसं त्याच्या सावलीत घोषणा देतात. १८४७ साली हा मंडप उभा राहिला तो अफोन्सो द अल्बुकर्कच्या पुतळ्यासाठी. याच अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा जिंकला होता. आज तो पुतळा जुन्या गोव्याच्या संग्रहालयात आहे आणि मंडपात आहे एका लेखकाच्या अवशेषांचा कलश. त्या लेखकाने ना कधी तलवार हाती धरली, ना कुठल्या सैन्याचं नेतृत्व केलं. त्याने पत्रकं लिहिली, लेख लिहिले, सभेत भाषण केलं. एवढ्यासाठी पोर्तुगीज सरकारने त्याला आठ वर्षांची शिक्षा ठोठावली आणि हजारो मैल दूर, अटलांटिकच्या काठावरच्या एका किल्ल्यात नेऊन कोंडलं.

त्रिस्तांव द ब्रागांसा कुन्हा हे त्याचं नाव. गोव्यात त्यांना टी. बी. कुन्हा म्हणतात. त्यांच्या नावाचा रस्ता पणजीत आहे आणि गोव्याच्या राष्ट्रवादाचे जनक म्हणून भाषणांतून त्यांचा उल्लेखही होतो. पण गोव्याबाहेरच्या मराठी वाचकाला त्यांची ओळख जवळजवळ नाही. गोवामुक्ती म्हटलं की आपल्याला १९५५ चा सत्याग्रह आठवतो, पत्रादेवीची सीमा, सेनापती बापट, नानासाहेब गोरे आठवतात. त्याच्या पाव शतक आधीपासून एक माणूस हाच प्रश्न कागदावर मांडत होता, आणि त्याचं बरंचसं लेखन मुंबईत बसून झालं होतं, हे मात्र आपण विसरलो.

कुन्हांची गोष्ट समजून घ्यायची तर आधी गोव्यातल्या छापखान्याची गोष्ट ऐकायला हवी. भारतातला पहिला छापखाना गोव्यात आला. १५५६ साली, सेंट पॉल कॉलेजात. फादर स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यातच छापलं गेलं. मराठी भाषेची थोरवी सांगणारा हा ग्रंथ आपण आजही अभिमानाने मिरवतो. पण पुढे याच भूमीत १६८४ साली फर्मान निघालं की लोकांनी आपली भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावं. ज्या राज्यकर्त्यांनी छापखाना आणला, त्यांनाच छापलेल्या शब्दाचं भय वाटू लागलं, आणि ते शेवटपर्यंत सुटलं नाही.

१९१० मध्ये पोर्तुगालमध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आलं, तेव्हा गोव्यालाही जरा मोकळा श्वास मिळाला. हिंदूंना नागरिक म्हणून बरोबरीचे हक्क मिळाले, शाळा निघाल्या, वृत्तपत्रांना बहर आला. केपेच्या गोविंद पुंडलीक हेगडे देसाईंनी 'भारत' सुरू केलं ते याच काळात; पुढे गोवा त्यांना 'भारतकार' म्हणूनच ओळखू लागला. चांदोरच्या लुईश द मिनेझिस ब्रागांसांनी १९०० साली 'ओ एराल्दो' या दैनिकाच्या उभारणीत भाग घेतला होता, त्यांनी १९११ मध्ये 'ओ देबाते' काढलं. मिनेझिस ब्रागांसा हे कुन्हांचे मेहुणे. म्हणजे शाई घरातच होती.

कुन्हांचा जन्म २ एप्रिल १८९१ चा, गाव तेच, सासष्टीतलं चांदोर. एकेकाळी चंद्रपूर म्हणून ओळखलं जाणारं हे गाव गोव्याच्या प्राचीन राजधान्यांपैकी एक. आज पर्यटक तिथे जातात ते ब्रागांसांचा भव्य वाडा बघायला. झुंबरं, चिनी मातीची भांडी, नाचाची दालनं. अशा घरातल्या मुलाने लिस्बनला जाऊन शिकावं, परत येऊन सरकारी हुद्दा मिळवावा ही सरधोपट वाट होती. कुन्हा त्या वाटेने गेले नाहीत. पणजीनंतर ते पाँडिचेरीला शिकले आणि तिथून थेट पॅरिसला गेले. सोर्बोनमध्ये त्यांनी विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली.

पॅरिसने त्यांना अभियंता केलं आणि पत्रकारही केलं. पहिल्या महायुद्धानंतरचं ते पॅरिस जगभरच्या वसाहतींतून आलेल्या तरुणांनी गजबजलेलं होतं. कुन्हा 'लुमानिते'सारख्या डाव्या वृत्तपत्रांतून लिहू लागले. जालियनवाला बागेत काय घडलं, गांधी नावाचा माणूस काय म्हणतो आहे, हे त्यांनी फ्रेंच वाचकांना सांगितलं. इथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. कायद्याने हा माणूस पोर्तुगालचा प्रजाजन होता. ब्रिटिशांच्या हद्दीतल्या पंजाबात झालेल्या हत्याकांडाशी त्याचा कागदोपत्री काही संबंध नव्हता. तरीही तो ते आपलं दुःख मानून लिहीत होता. गोवा हा हिंदुस्थानचाच तुकडा आहे हा विचार त्यांनी पुढे आयुष्यभर मांडला. पॅरिसच्या त्या लेखांत तो आधीच जगून दाखवला होता.

१९२६ मध्ये ते गोव्याला परतले. त्याच वर्षी २८ मे रोजी पोर्तुगालमध्ये लष्कराने सत्ता ताब्यात घेतली आणि प्रजासत्ताकाचा तो सोळा वर्षांचा मोकळा श्वास कोंडला. पुढे अंतोनियो सालाझार नावाचा अर्थशास्त्राचा प्राध्यापक अर्थमंत्री झाला आणि १९३२ मध्ये पंतप्रधान. त्याची हुकूमशाही त्याच्या हयातीनंतरही, १९७४ पर्यंत टिकली. कुन्हांनी राजकारणात पाऊल ठेवलं ते असं वारा उलटा फिरलेला असताना.

१९२८ मध्ये त्यांनी गोवा काँग्रेस कमिटी स्थापन केली. त्या वर्षीच्या कलकत्ता अधिवेशनात तिला राष्ट्रीय काँग्रेसची संलग्नता मिळाली. कमिटीच्या नावाने त्यांनी पहिली पुस्तिका काढली तिचा विषय होता चारशे वर्षांची परकी सत्ता. 'चारशे वर्षं' हा आकडा पोर्तुगीज अभिमानाने उच्चारत. कुन्हांनी तोच आकडा घेऊन त्याचा जमाखर्च मांडला. चार शतकांत या सत्तेने गोव्याला काय दिलं? शेतीची हालत काय? उद्योग किती? पोट भरायला गाव सोडून किती माणसं जातात? त्यांच्यातला अभियंता इथे दिसतो. विशेषणांपेक्षा त्यांचा भर हिशेबावर होता.

१९३० साली लिस्बनने 'वसाहत कायदा' आणला. पोर्तुगालच्या अधिपत्याखालच्या लोकांवर राज्य करणं आणि त्यांना 'सुसंस्कृत' करणं हे पोर्तुगीज राष्ट्राचं ऐतिहासिक कार्य आहे, असं त्यात म्हटलेलं होतं. गोव्यातल्या शिकल्यासवरल्या कॅथलिकांना हा मोठा धक्का होता, कारण आपण पोर्तुगालचे बरोबरीचे नागरिक आहोत असं त्यांना पिढ्यान् पिढ्या सांगितलं गेलं होतं. मिनेझिस ब्रागांसांनी विधिमंडळात उभं राहून त्याचा निषेध केला आणि गोव्याचा स्वयंनिर्णयाचा हक्क मांडला. विधिमंडळात असं काही बोलता येण्याचे ते जवळजवळ शेवटचे दिवस होते.

मग सेन्सॉर आला. छापून येणारा प्रत्येक मजकूर आधी सरकारी नजरेखालून जायचा. वृत्तपत्रं तर सोडाच, लग्नाच्या आमंत्रणपत्रिकाही मंजुरीसाठी पाठवाव्या लागत. घरात लेकीचं लग्न ठरलं आहे, नारळ-पोफळीच्या बागायतीत मांडव पडतो आहे, आणि यजमान सेन्सॉरच्या शिक्क्यासाठी पणजीला खेपा घालतो आहे, हे चित्र डोळ्यांसमोर आणून पाहावं. अशा ठिकाणी राजकीय लेख छापणं दूरच. सभा घ्यायची तर परवानगी, आणि परवानगी मिळत नसे.

त्यात १९३४ नंतर काँग्रेसनेही गोवा कमिटीची संलग्नता काढून घेतली, गोवा परक्या सत्तेखालचा मुलूख आहे या कारणाने. कुन्हांसाठी हा घाव घरातून बसलेला होता. ज्यांच्याशी नातं सांगण्यासाठी त्यांनी सगळं पणाला लावलं, त्यांच्याच घटनेत गोव्याला जागा उरली नव्हती. ते खचले नाहीत. त्यांनी छापखाना जिथे मोकळा आहे तिकडे मोर्चा वळवला. मुंबईकडे.

मुंबई ही गोंयकारांची दुसरी राजधानी होतीच. धोबीतलावच्या गल्ल्यांमध्ये गावोगावच्या कुडी होत्या. आपल्या गावच्या माणसाला नाममात्र भाड्यात पथारी टाकायला जागा देणारी ही घरं. बोटीवर जाणारे तारवटी, साहेबांकडे काम करणारे खानसामे, बँडमध्ये वाजवणारे वादक, आयांचं काम करणाऱ्या बाया, कारकून, शिंपी. यांच्या मनिऑर्डरींवर गोव्यातली चूल पेटायची. गोव्यात जे छापता येत नव्हतं ते मुंबईत छापता येत होतं. ब्रिटिशांचे कायदेही काही मवाळ नव्हते. पण पोर्तुगीजांविरुद्ध लिहिणाऱ्याला मुंबईत तुलनेने मोकळीक होती. १९३८ च्या सुमारास गोवा काँग्रेस कमिटी मुंबईत पुन्हा उभी राहिली, तिचं कार्यालय दलाल स्ट्रीटवर होतं. गोव्यातून आसामच्या चहामळ्यांवर मजूर म्हणून पाठवल्या जाणाऱ्या कुणब्यांची बाजू कुन्हांनी घेतली आणि हा माणसांचा व्यापार थांबवावा म्हणून मोहीम चालवली. सासष्टीच्या भाटकार, म्हणजे जमीनदार घराण्यात जन्मलेल्या माणसाने शेतातल्या कुणब्यासाठी भांडणं त्या काळी साधी बाब नव्हती.

१९४४ साली त्यांची एक छोटी इंग्रजी पुस्तिका निघाली. नाव 'डिनॅशनलायझेशन ऑफ गोवन्स'. मराठीत सांगायचं तर गोंयकारांचं राष्ट्रीयत्व कसं हिरावलं गेलं त्याची ही कहाणी. कुन्हांचं नाव आजही कुठल्या लेखनासाठी घेतलं जात असेल तर ते यासाठी, आणि यावरून गोव्यात आजही वाद पेटतो.

तोवरच्या पत्रकांत कुन्हांनी राज्यकर्त्यांवर बोट ठेवलं होतं. या पुस्तिकेत त्यांनी ते आपल्याच समाजावर ठेवलं. परकी सत्ता बंदुकीच्या जोरावर चारशे वर्षं टिकत नाही, ती माणसाच्या मनात घर करते म्हणून टिकते, असं त्यांचं निदान होतं. हे कसं घडलं ते दाखवण्यासाठी ते इतिहासात मागे गेले. १५६० मध्ये आलेलं इन्क्विझिशन हे चर्चचं धर्मन्यायालय, देवळांची तोडफोड, कोकणीवरची बंदी. इन्क्विझिशनने १७३६ साली काढलेला जाहीरनामा वाचला तर आजही अंगावर काटा येतो. बाटलेल्या कुटुंबांनी जुन्या चालीरीती पाळू नयेत म्हणून ओव्या म्हणण्यावर, अंगणात तुळस ठेवण्यावर, धोतर नेसण्यावर, इतकंच काय, मीठ न घालता भात शिजवण्यावरही त्यात बंदी होती. राज्य माणसाच्या भाताच्या तपेल्यापर्यंत पोचलं होतं. अशा पिढ्यान् पिढ्यांच्या धाकातून एक वर्ग असा तयार झाला की ज्याला आपल्या भाषेची लाज वाटते, जो आपल्या शेजाऱ्यापेक्षा लिस्बनला जवळचा मानतो, असं कुन्हांचं म्हणणं.

कुन्हा स्वतः कॅथलिक घरातले, उच्चभ्रू, फ्रेंच आणि पोर्तुगीज अस्खलित बोलणारे. हे सगळं एखाद्या बाहेरच्याने लिहिलं असतं तर समाजाने झटकून टाकलं असतं. स्वतःच्या घराचे वासे मोजणाऱ्याला मात्र झटकणं कठीण जातं. कुन्हांच्या सगळ्या लेखनात सर्वांत जास्त धैर्य लागलं असेल ते या पुस्तिकेला. परक्या सरकारविरुद्ध लिहिताना निदान आपली माणसं टाळ्या वाजवतात. इथे टाळ्या वाजवणारं कोणी नव्हतं.

तरी कुन्हांचं सगळंच मान्य करावं असं नाही. गोव्याच्या माणसाने जे उसनं घेतलं त्यातून त्याने स्वतःचं असं बरंच काही घडवलं, ते त्यांच्या नजरेतून निसटलं. मांडो हा गाण्याचा प्रकार पाश्चात्त्य सुरावटीत आहे, पण त्यातलं दुःख कोकणी बाईचं आहे. तियात्र हा नाट्यप्रकार तर जन्मला मुंबईत, १७ एप्रिल १८९२ ला, त्याच स्थलांतरित कष्टकऱ्यांमध्ये ज्यांच्याविषयी कुन्हांना काळजी वाटत होती. ज्या माणसांचं सत्त्व हरवलं आहे ती अशी नवी कला निर्माण करत नाहीत. कुन्हांनी वाड्यांतल्या दालनांवर जो आरोप ठेवला तो तिथे बऱ्याच अंशी खरा होता. कुडींमध्ये झोपणाऱ्या माणसाला तो तितकासा लागू पडत नव्हता. पण एवढी मोठी चर्चा ज्याने सुरू केली त्याचं श्रेय त्यामुळे कमी होत नाही.

जून १९४६. लाहोरच्या किल्ल्यात छळ सोसलेले डॉ. राममनोहर लोहिया तुरुंगातून नुकतेच सुटले होते. बर्लिनमधल्या विद्यार्थिदशेपासूनचे त्यांचे मित्र डॉ. जुलियांव मिनेझिस यांचं घर असोळण्याला होतं. तिथे ते विश्रांतीसाठी आले. पण लोहिया आल्याची बातमी फुटली आणि माणसं भेटायला येऊ लागली. प्रत्येक जण एकच सांगत होता, इथे बोलायची सोय नाही. लोहियांनी विश्रांती गुंडाळून ठेवली. १८ जूनला मडगावात भर पावसात सभा जाहीर झाली, बंदी असताना. लोहिया आणि मिनेझिस यांना पकडण्यात आलं, पण तोवर जमाव पांगायच्या पलीकडे गेला होता. गांधींनी 'हरिजन'मध्ये लोहियांची बाजू घेऊन लिहिलं. मडगावचं ते मैदान आज लोहिया मैदान म्हणून ओळखलं जातं आणि १८ जून गोव्यात क्रांतिदिन म्हणून पाळतात.

लोहियांना सरकारने लवकरच सोडून दिलं आणि हद्दीबाहेर घालवलं. ते बाहेरचे होते, त्यांच्यामागे देशभरची वर्तमानपत्रं होती. पण ज्यांचं घर गोव्यातच होतं त्यांना कोण सोडवणार? ३० जूनला मडगावातच कुन्हा बोलायला उभे राहिले. त्यांना मारहाण झाली. पुढे त्यांना अटक करून आग्वादच्या किल्ल्यातल्या अंधाऱ्या, ओल धरलेल्या कोठडीत टाकलं. वय पंचावन्न.

जुलै १९४६ मध्ये त्यांच्यावर खटला चालला तो लष्करी न्यायालयात. गोव्यात एखाद्या नागरिकाला राजकीय कारणासाठी लष्करी न्यायालयापुढे उभं करण्याची ही पहिलीच वेळ. आठ वर्षांची कैद, आणि ती पोर्तुगालमध्ये भोगायची.

मराठी वाचकाला इथे टिळकांचा १९०८ चा खटला आठवल्याशिवाय राहत नाही. तोही जुलै महिना. दोन लेखांसाठी झालेली सहा वर्षांची शिक्षा, आणि तीही दूर मंडालेला. पण एक मोठा फरक आहे. टिळकांचा खटला मुंबईच्या उच्च न्यायालयात ज्युरीपुढे चालला. टिळक दिवसच्या दिवस स्वतःचा बचाव करत बोलले आणि त्यांचा शब्द न् शब्द छापून देशभर गेला. शिक्षा सुनावली गेली त्यानंतर मुंबईच्या गिरणी कामगारांनी संप केला. ब्रिटिशांनी टिळकांना तुरुंगात घातलं, पण त्याआधी त्यांना जगातलं सर्वांत मोठं व्यासपीठ दिलं. सालाझारच्या राजवटीने ती चूक केली नाही. लष्करी न्यायालयाला ज्युरी नव्हती आणि गोव्यात खटल्याचा वृत्तान्त मोकळेपणाने छापणारं पत्रही नव्हतं. कुन्हांचं तोंड बंद केलं, आणि ते बंद केल्याचा आवाजही फार लांब जाऊ दिला नाही.

पेनीश हे पोर्तुगालच्या पश्चिम किनाऱ्यावरचं मच्छीमारांचं गाव. लिस्बनच्या उत्तरेला साधारण शंभर किलोमीटरवर. समुद्रात घुसलेल्या कातळावर तिथे जुना किल्ला आहे, तीन बाजूंनी अटलांटिकच्या लाटा आदळत असतात. १९३४ पासून सालाझारने तो राजकीय कैद्यांसाठी वापरला. इथे प्रामुख्याने असत ते पोर्तुगालचेच बंडखोर. १९६० च्या जानेवारीत कम्युनिस्ट नेता आल्व्हारो कुन्याल आणखी नऊ जणांसह याच किल्ल्यातून पळाला, ती गोष्ट पोर्तुगालमध्ये दंतकथेसारखी सांगतात.

या किल्ल्यात कुन्हांबरोबर आणखी काही गोंयकार होते. पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, डॉ. राम हेगडे, जुझे इनासियु लोयोला. नावं वाचली तरी कळतं की यात हिंदू आहेत, कॅथलिक आहेत. गांधीवादी आहेत, डावे आहेत. काकोडकर हे अणुशास्त्रज्ञ डॉ. अनिल काकोडकरांचे वडील. वडील सात समुद्रांपलीकडे कैदेत असताना कुटुंब कसं वाढलं असेल याची कल्पना त्या काळच्या टपालाच्या वेगावरून करता येईल. कोकणातल्या ओल्या उकाड्यात वाढलेली ही माणसं अटलांटिकच्या बोचऱ्या वाऱ्यात दिवस काढत होती, आणि इकडे १५ ऑगस्ट १९४७ उजाडला. भारत स्वतंत्र झाल्याची बातमी कुन्हांनी पेनीशचा कैदी म्हणून ऐकली. ज्या स्वातंत्र्याबद्दल त्यांनी पॅरिसमध्ये लिहिलं होतं ते आलं, पण ते गोव्याच्या सीमेवर थांबलं.

१९५० मध्ये त्यांची किल्ल्यातून सुटका झाली. सुटका म्हणायची इतकंच, कारण पोर्तुगाल सोडायची परवानगी नव्हती. लिस्बन हेच आता मोठं आवार झालं. तीन वर्षं त्यांनी पोलिसांच्या नजरेखाली काढली आणि १९५३ मध्ये ते निसटले. बासष्ट वर्षांचा, तुरुंगाने थकवलेला माणूस पोर्तुगालमधून गुपचूप पॅरिसला पोचला. त्याच पॅरिसला, जिथून त्यांची लेखणी सुरू झाली होती. तिथून ते मुंबईला आले.

आणि आल्याबरोबर त्यांनी काय केलं? पुन्हा छापखाना गाठला. 'फ्री गोवा' हे इंग्रजी पाक्षिक त्यांनी मुंबईतून चालवलं. गोवामुक्तीसाठी झटणाऱ्या वेगवेगळ्या गटांना एकत्र आणण्यासाठी गोवा अ‍ॅक्शन कमिटीचं कामही त्यांच्याकडे आलं. गट बरेच होते आणि त्यांचं एकमेकांशी फारसं जमत नसे. अहिंसक सत्याग्रही, सशस्त्र आझाद गोमंतक दल, गोवा विलीन करा म्हणणारे, गोवा वेगळा ठेवा म्हणणारे. त्या गलबल्यात 'फ्री गोवा' मुद्द्याचं बोलत राहिलं.

मुद्दा होता तो लिस्बनच्या एका दाव्याचा. १९५१ मध्ये पोर्तुगालने घटना बदलली आणि 'वसाहत' हा शब्दच काढून टाकला. गोवा आता 'सागरापलीकडचा प्रांत' झाला. आमच्याकडे वसाहती नाहीतच, तर मुक्ती कुणाची, असं लिस्बन जगाला विचारू लागलं. गोव्यातले कॅथलिक हे मनाने पोर्तुगीज आहेत, हिंदू भारत त्यांना गिळायला बघतो आहे, असा प्रचार सुरू झाला. डिसेंबर १९५५ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगीज परराष्ट्रमंत्र्यांबरोबर काढलेल्या निवेदनात गोव्याचा उल्लेख पोर्तुगालचा प्रांत असा झाला, तेव्हा भारतात संताप उसळला. त्या पोर्तुगीज मंत्र्याचं आडनावही कुन्हा होतं, पाउलो कुन्हा. एक कुन्हा लिस्बनमधून जगाला सांगत होता की गोवा पोर्तुगाल आहे, दुसरा मुंबईतून छापत होता की नाही. या दुसऱ्या कुन्हांचं असणं हेच पहिल्याच्या दाव्याला उत्तर होतं. चांदोरच्या कॅथलिक वाड्यात जन्मलेला माणूस 'मी भारतीय' असं म्हणून चार वर्षं पोर्तुगालच्या किल्ल्यात बसून आला, तर गोव्यातला कॅथलिक मनाने पोर्तुगीज आहे हे कोणी कसं मानावं?

शब्दाचं भय त्या राजवटीत किती टोकाला गेलं होतं त्याचा एक दाखला १९५४ चा. म्हापशाचे शल्यविशारद डॉ. पुंडलीक गायतोंडे एका मेजवानीला गेले होते. कोणीतरी भाषणात गोवा हा पोर्तुगालच आहे अशा अर्थाचं बोललं. गायतोंडे म्हणाले, "प्रोटेस्तो." मी निषेध करतो. शब्द एकच. त्यासाठी त्यांना अटक झाली आणि पोर्तुगालला पाठवण्यात आलं. कुन्हांना शिक्षा झाली त्याला आठ वर्षं होत आली होती. लष्करी न्यायालयं सरावाने चालू लागली होती, आणि १९५५ मध्ये नानासाहेब गोरे, शिरूभाऊ लिमये, मधू लिमये यांच्यासारखे महाराष्ट्रातून गेलेले सत्याग्रही पकडले गेले तेव्हा त्यांनाही दहा-बारा वर्षांच्या शिक्षा सुनावल्या गेल्या. कुन्हांवर १९४६ मध्ये जो पायंडा पडला तो पुढच्यांच्या वाट्याला असा आला.

१५ ऑगस्ट १९५५ ला सीमेवर नि:शस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. वीसहून अधिक माणसं मेली. भारत सरकारने त्यानंतर सीमा बंद केली, नाकेबंदी घातली आणि सत्याग्रहही थांबवला. दिल्लीच्या या थांबा-आणि-पाहा धोरणाने कुन्हा अस्वस्थ होते आणि ते त्यांनी लपवलं नाही. वसाहतवाद अर्जविनंत्यांनी जात नाही हे त्यांचं मत पॅरिसपासूनचं होतं. स्वतंत्र भारतात राहून स्वतंत्र भारताच्या सरकारला खडे बोल सुनावणं त्यांना अवघड गेलं नाही. ज्याने आपल्याच समाजाला सुनावलं होतं, त्याच्यासाठी दिल्लीही अपवाद नव्हती.

२६ सप्टेंबर १९५८ रोजी मुंबईत ते गेले. गोवा तेव्हाही पोर्तुगीजांकडेच होता. बाणस्तारी, बोरी, जुवारीची खाडी ओलांडून चांदोरला परत जाणं त्यांच्या नशिबी नव्हतं; गोव्यात पाऊल ठेवलं असतं तर पुन्हा कोठडी होती. त्यांना मुंबईतच मूठमाती मिळाली. त्यांच्या पश्चात जागतिक शांतता परिषदेने त्यांना सुवर्णपदक देऊन गौरवलं.

'फ्री गोवा' बंद पडलं नाही. त्यांची भाची, मिनेझिस ब्रागांसांची मुलगी बेर्ता, तिने ते पुढे चालवलं. मुंबईतून 'रेसुर्ज गोवा' काढणारे दुसरे पत्रकार, टागोरांच्या साहित्याचे पोर्तुगीज अनुवादक तेलो द मास्कारेन्यस यांना १९५९ मध्ये पकडण्यात आलं आणि चोवीस वर्षांची शिक्षा झाली. गोवा मुक्त झाल्यावरही ते पोर्तुगालच्या तुरुंगातच होते; बाहेर आले ते १९७० मध्ये, वयाची सत्तरी गाठल्यावर.

कुन्हांचे लेख, पुस्तिका आणि भाषणं गोळा करून 'गोवाज् फ्रीडम स्ट्रगल' हा इंग्रजी ग्रंथ निघाला तो १९६१ साली, मुंबईतच. त्याच वर्षीच्या १९ डिसेंबरला भारतीय सैन्य पणजीत पोचलं, गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्व्हाने शरणागती पत्करली, आणि कुन्हांचं कुठलंही पान गोव्यात उघडपणे विकायला, विकत घ्यायला आणि मोठ्याने वाचायला सेन्सॉरच्या शिक्क्याची गरज उरली नाही.